धांवता काळ आणि चालता कॅमेरा



१९१२ सालची गोष्ट. लंडनहून परतलेले एक गृहस्थ मुंबईस कुंडींत वाटाणे पेरतात आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडून बसतात. कॅमेरा विल्यमसन बनावटीचा, हातानें दांडा फिरवून चालवावयाचा, लंडनमध्यें पन्नास पौंडांस घेतलेला. महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीचें थोडथोडें चित्रण करीत राहतात. शेवटीं तीं सारीं चित्रें एकामागून एक पडद्यावर पडतात, तेव्हां मिनिटाभरांत माती दुभंगते, अंकुर मान वर काढतो, पानें सुटतात आणि वेल आधार शोधीत वर चढूं लागतो. या गृहस्थांचें नांव धुंडिराज गोविंद फाळके, आणि त्या चिमुकल्या पटाचें नांव 'अंकुराची वाढ'. तो पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी फाळक्यांना कर्जाऊ रक्कम देण्यास तयार झाले; आणि त्या आधारानें उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला.

म्हणजे आपल्या कथापटाच्या पायाखालीं एक वाटाणा आहे. पैसे देणाऱ्याचें मन कशानें वळलें, याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. त्या पटांत राजा नव्हता, राणी नव्हती, स्मशान नव्हतें. जें रोज डोळ्यांसमोर घडत असूनहि दिसत नाहीं तें तेथें दिसलें, आणि जें दिसलें तें खरोखर घडलें आहे याविषयीं पाहणाराच्या मनांत शंका उरली नाहीं. कॅमेरा एका जागीं होता. हललें होतें तें रोप.

आजच्या अशा चित्रणांत कॅमेराहि हलतो. ढग डोंगरावरून वाहत असतात आणि त्याच वेळीं आपली दृष्टि डावीकडून उजवीकडे सरकत असते. पुष्कळदां तर कॅमेरा प्रत्यक्षांत तसूभरहि हललेला नसतो. चित्रें घेऊन झाल्यावर, घरीं बसून, संगणकाच्या साहाय्यानें त्याला हलविलेलें असतें. जागीं खिळलेल्या कॅमेऱ्यापासून या मागाहून दिलेल्या चालीपर्यंत आपण कसे आलों, आणि येतांना त्या वाटाण्याच्या अंगची विश्वसनीयता बरोबर आणली कीं वाटेंत सांडली, एवढेंच मला आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम मूळ कल्पना. घड्याळाचा तासकांटा चालतो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण तो चालतांना कोणीं पाहिला आहे? चित्रपटांत साधारणपणें एका सेकंदांत चोवीस चित्रें पडद्यावरून जातात. तीं घेतांनाहि त्याच वेगानें घेतलीं तर काळ जसाच्या तसा दिसतो. पण दर पांच मिनिटांनीं एकच चित्र घेतलें आणि दाखवितांना मात्र चोवीसचा वेग कायम ठेवला, तर दोन तासांत घेतलेलीं चित्रें एका सेकंदांत संपतात. काळ सात हजार दोनशें पटींनीं आंखडतो. या प्रकाराला आज सगळीकडे टाइम-लॅप्स म्हणतात. आपण त्याला कालसंक्षेपी चित्रण म्हणूं.

फाळक्यांच्या आधीं हा प्रयोग युरोपांत झाला होता. जर्मनींतील लाइपझिग येथें विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १८९८ ते १९०० या काळांत वनस्पतींच्या हालचालींचीं अशीं चित्रणें केलीं. त्यांचा हेतु मनोरंजनाचा नव्हता. वनस्पति हलतात हें विद्यार्थ्यांना तोंडानें सांगण्याऐवजीं डोळ्यांनीं दाखवावें, एवढाच होता. पुढें इंग्लंडांत पर्सी स्मिथ या गृहस्थांनीं हा विषय लोकांपर्यंत नेला. हे मूळचे शिक्षणखात्यांतील कारकून. १९१० साली त्यांचा 'द बर्थ ऑफ ए फ्लॉवर' हा फुलें उमलण्याचा पट निघाला. घरांतल्या फुटकळ वस्तु जोडून त्यांनीं आपलीं यंत्रें बनविलीं होतीं, आणि रात्रीं एखादें यंत्र अडलें तर घंटा वाजून आपली झोंप मोडावी अशीहि व्यवस्था केली होती. कळीला सुटी नसते, म्हणून कारकुनालाहि नव्हती.

या सर्वांच्या कामांत कॅमेरा हलूं न देणें हा पहिला धर्म होता, आणि त्याचें कारण उघड आहे. दोन चित्रांच्या मध्यें पांच मिनिटें जातात. तेवढ्यांत कोणाचा धक्का लागून तिवई केसभर सरकली, तरी पडद्यावर सबंध सृष्टीला हिसका बसतो. काळ आंखडला म्हणजे चुकाहि एकमेकींच्या जवळ येतात. महिन्याभरांत तिवई दहा वेळां हलली असेल. पाहणाराला मात्र मिनिटाभरांत दहा झटके बसतात.

मग कॅमेरा हलवावा असें कोणाला कां वाटलें? त्याला भाग पाडलें तें रोपांनींच. रोप वाढतें आणि चौकटीच्या बाहेर निघून जातें. सबंध वाढ दिसावी म्हणून कॅमेरा दूर ठेवावा, तर पहिला अंकुर मुंगीएवढा दिसतो. अंकुराजवळ ठेवावा, तर चार दिवसांनीं चौकटींत नुसता देंठ उरतो. अमेरिकेंत शिकागोकडील जॉन नॅश ऑट हे पेशानें बँकेंतले आणि छंदानें रोपांचे चित्रकार. १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनीं एकामागून एक कॅमेरे जमविले, मोठें कांचगृह उभारलें, आणि रोप वाढेल तसा कॅमेरा त्याच्या मागोमाग नेणारी विजेवर चालणारी यंत्रणा स्वतःच्या हातांनीं तयार केली. डिस्नेच्या १९५६ सालच्या 'सीक्रेट्स ऑफ लाइफ' या पटांत त्यांचें काम आहे. येथें कॅमेऱ्याची चाल शोभेसाठीं नव्हती. जें पाहावयाचें तें डोळ्यांआड होऊं नये यासाठीं होती.

ही चाल किती नाजूक असते याचा हिशेब करून पाहूं. पडद्यावर दहा सेकंदांचें दृश्य हवें, तर चित्रें लागतात दोनशें चाळीस. दर पांच मिनिटांनीं एक याप्रमाणें तीं घ्यावयास वीस तास लागतात. या वीस तासांत कॅमेरा रुळावरून एक मीटर न्यावयाचा असेल, तर प्रत्येक चित्रानंतर तो सुमारें चार मिलिमीटर सरकवावा लागतो. ना साडेतीन, ना पांच. शिवाय सरकवावयाचा तो पडदा मिटलेला असतांनाच. नाहीं तर चित्र पुसट येतें. वीस तास जागून दर पांच मिनिटांनीं चार मिलिमीटर मोजणें हें माणसाचें काम नव्हे. तें अखेर मोटारीनें आणि पुढें संगणकानें पत्करलें. गॉडफ्रे रेजिओ यांच्या १९८२ सालच्या 'कोयानिसकात्सी' या पटाचे छायाचित्रकार रॉन फ्रिक यांनीं 'क्रोनोस' (१९८५) आणि 'बराका' (१९९२) या स्वतःच्या पटांत चालत्या कॅमेऱ्यानें काळ आंखडून दाखविला. 'बराका'साठीं त्यांनीं संगणकाच्या आज्ञेंत चालणारा, सत्तर मिलिमीटरच्या फितीचा खास कॅमेरा वापरला. खांबांच्या सावल्या फिरत आहेत, आकाश धांवत आहे आणि प्रेक्षक त्यांतून संथपणें पुढें चालला आहे, हा अनुभव त्या पटांनीं अनेकांस प्रथम दिला.

परंतु रूळ, मोटारी, बॅटऱ्या हें सारें सामान डोंगरावर वाहून न्यावें लागतें. आणि एकदां चाल ठरवून चित्रण झालें कीं मागाहून ती बदलतां येत नाहीं. याच वेळीं दुसऱ्या एका वाटेनें निराळा उपाय जवळ येत होता. ती वाट स्थिर छायाचित्रांची.

१९५७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें 'सिटी ऑफ गोल्ड' नांवाचा एक लहान पट काढला. कॉलिन लो आणि वुल्फ केनिग हे त्याचे दिग्दर्शक. सोन्याच्या शोधांत हजारों माणसें ज्या डॉसन गांवीं लोटलीं, त्या गांवचीं जुनीं छायाचित्रें त्यांनीं कॅमेऱ्याखालीं ठेवलीं आणि कॅमेरा त्यांच्यावरून हळूहळू फिरविला. चित्र मेलेलें, पण दृष्टि जिवंत. त्यामुळें माणसें श्वास घेत असल्याचा भास झाला. हीच रीत केन बर्न्स यांनीं १९९० च्या 'द सिव्हिल वॉर' या दूरदर्शन-मालिकेंत इतकी घरोघर पोंचविली कीं २००३ साली अ‍ॅपल कंपनीनें आपल्या आयमूव्ही या साधनांत ती त्यांच्याच नांवानें ठेवली. आतां कॅमेरा फिरविण्यासाठीं कॅमेराहि लागत नव्हता. चित्र संगणकांत, चौकट संगणकांत आणि चालहि संगणकांतच.

हे दोन प्रवाह एकत्र येण्यास निमित्त झालें डिजिटल छायाचित्राच्या आकाराचें. डिजिटल चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चोवीस दशलक्ष पिक्सेलांच्या कॅमेऱ्याचें चित्र सहा हजार ठिपके रुंद आणि चार हजार ठिपके उंच असतें. उलट हाय-डेफिनिशन चलच्चित्राची चौकट अवघी एक हजार नऊशें वीस ठिपके रुंद व एक हजार ऐशीं उंच. म्हणजे मोठ्या चादरीवर एक लहान खिडकी ठेवावी तसें झालें. ही खिडकी डावीकडून उजवीकडे चार हजार ऐशीं ठिपके सरकूं शकते. दोनशें चाळीस चित्रांत ती तेवढी सरकविली, तर दर चित्राला सतरा ठिपके. ना रूळ, ना मोटार, ना वीस तासांचें जागरण! चाल पसंत पडली नाहीं तर दुसऱ्या दिवशीं बदलावी. मूळ चित्रांना ओरखडाहि जात नाहीं.

इतकें सोपें असूनहि पुष्कळांचें चित्रण डगमगतें, त्याचीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत. माझ्या एका तरुण शेजाऱ्यानें पुण्यांत आपल्या गच्चीवरून सिंहगडावर उतरणारे आषाढांतले ढग टिपले आणि त्यांस अशी चाल दिली. तीस सेकंदांचें दृश्य, आणि सरकणें फार मंद. सबंध वेळांत जेमतेम शंभर ठिपक्यांचें. पाहतों तों सबंध गड थरथरत होता. त्याचा हिशेब असा. तीस सेकंदांचीं चित्रें सातशें वीस, आणि जावयाचें शंभर ठिपके. खिडकी पुऱ्या ठिपक्यानेंच सरकेल असा नियम असेल, तर ती सात चित्रें स्वस्थ बसते आणि आठव्याला उडी मारते. बेडूक कितीहि सावकाश निघाला तरी उड्याच मारणार. यावर उपाय म्हणजे ठिपक्याच्या अंशाअंशानें सरकणें. खिडकीचा कांठ दोन ठिपक्यांच्या मध्यें पडला, तर शेजारच्या ठिपक्यांच्या रंगांचा प्रमाणशीर मेळ घालून नवा ठिपका काढावयाचा. तेवढें केल्यावर गड शांत झाला.

दुसरी गोष्ट आरंभाची आणि शेवटाची. आगगाडी स्टेशनांतून निघतांना एकदम पूर्ण वेगानें निघाली, तर उतारू एकमेकांवर पडतील. कॅमेऱ्याची चालहि शून्यापासून हळूहळू वाढावी, मध्यें सारखी राहावी आणि थांबतांना पुन्हा हळूहळू उतरावी.

तिसरी गोष्ट वस्तु जवळ आणण्याची, आणि येथें चांगले जाणतेहि फसतात. चौकट दर चित्राला सारख्याच ठिपक्यांनीं लहान केली, तर चाल आरंभीं मंद आणि शेवटीं धांवरी वाटते; कारण मोठ्या चौकटींतून दहा ठिपके काढणें आणि लहान चौकटींतून दहा ठिपके काढणें सारखें नव्हे. येथें सरळ व्याज चालत नाहीं, चक्रवाढ व्याज लागतें. दोनशें चाळीस चित्रांत वस्तु दुप्पट मोठी दिसावी असें वाटत असेल, तर प्रत्येक चित्र मागल्या चित्राहून शेंकडा सुमारें शून्य दशांश एकोणतीस इतकें वाढवावें. मग डोळ्याला ती वाढ एकसारखी वाटते. आणि हें सारें मूळच्या मोठ्या चित्रांवरच करावें. चित्रें आधीं लहान करून त्यांचा पट बनवावा आणि मग त्यांत चाल घालावी, तर आपण प्रतीची प्रत काढीत असतों. खिडकी तिच्या पुऱ्या एक हजार नऊशें वीस ठिपक्यांहून लहान करावी लागली, कीं पुढें जें दिसतें तें चित्र नसून ताणलेला धूसरपणा असतो.

माझ्या शेजाऱ्यानें हें सर्व साधलें आणि तो पट घरांत दाखविला. त्याच्या आईनें विचारलें, "एवढ्या पावसांत तूं कॅमेरा फिरवीत बसला होतास कां रे?" तो म्हणाला, "नाहीं, कॅमेरा जागेवरच होता. फिरणें मीं मागून घातलें." त्यावर आई म्हणाली, "म्हणजे हें खोटें?" त्याला पटकन् उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मलाहि सुचलें नाहीं, आणि त्या प्रश्नापायींच मी या इतिहासाच्या मागें लागलों.

मला असें वाटतें कीं पाहणाराच्या दोन हालचाली आपण निरनिराळ्या धरल्या पाहिजेत. एक डोळा फिरविण्याची आणि दुसरी पाय उचलण्याची. गाडीच्या खिडकींतून पाहतांना तारांचे खांब मागें पळतात, शेतें सावकाश सरकतात, डोंगर जवळजवळ हलत नाहींत आणि चंद्र तर आपल्याबरोबरच येतो. जवळचें अधिक सरकतें आणि दूरचें कमी. हीच जागा बदलल्याची खूण. ऑट यांच्या कांचगृहांत आणि फ्रिक यांच्या रुळांवर ही खूण सांपडते, कारण तेथें कॅमेरा खरोखर चालला. खिडकी सरकवून मिळविलेल्या चालींत ती नसते. तेथें सारें दृश्य एका पाटीवर रंगविल्यासारखें एकदम सरकतें. म्हणून ती चाल म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या चित्रासमोर उभें राहून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरविणें होय. त्यांत खोटें कांहीं नाहीं. प्रत्येक ठिपका त्या क्षणीं त्या जागेवरून दिसलेलाच असतो. आपण फक्त आधीं काय पाहावें आणि मागून काय, हें ठरवितों.

पण गोष्ट येथें थांबली नाहीं. २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं अशी रीत सांगितली कीं चालत्या माणसाच्या डोक्यावरील कॅमेऱ्याचें हिसके खाणारें चित्रण घेऊन संगणकानें त्यांतील वस्तूंचें अंतर ओळखावें, आणि कॅमेरा ज्या वाटेनें गेला तिच्या जवळून एक नवी, सुरळीत वाट आंखून तिच्यावरून दिसेल तसें दृश्य जुळवून काढावें. पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनीं इंटरनेटवरील आठ कोटि साठ लाख छायाचित्रें चाळून प्रसिद्ध स्थळांचीं कालसंक्षेपी चित्रणें तयार केलीं, आणि नंतर त्यांतील कांहींमध्यें काल्पनिक कॅमेराहि चालविला. हजारों प्रवाशांनीं वेगवेगळ्या वर्षीं घेतलेलीं चित्रें. त्यांतून एक असा प्रवासी निर्माण झाला जो तेथें कधींच चालला नव्हता. तारांचे खांब आतां मागें पळतात, पण गाडी नाहीं. येथें मात्र आईच्या प्रश्नाचें उत्तर इतकें सोपें राहत नाहीं.

हा प्रश्न केवळ रसिकांच्या वादाचा आहे असें कोणीं समजूं नये. २००७ साली जेम्स बेलॉग या छायाचित्रकारांनीं 'एक्स्ट्रीम आइस सर्व्हे' नांवाचा उपक्रम सुरू केला, आणि ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणीं हिमनद्यांसमोर खडकांना जखडून कॅमेरे बसविले. वारा, बर्फ, गोठणाऱ्या बॅटऱ्या यांना तोंड देत ते वर्षानुवर्षें एकाच जागेवरून पाहत राहिले. २०१२ सालच्या 'चेझिंग आइस' या पटांत तीं चित्रें जगानें पाहिलीं. तेथें कॅमेऱ्याचें न हलणें हीच साक्ष होती. कांठचा खडक प्रत्येक चित्रांत त्याच जागीं आहे, म्हणून बर्फ मागें गेला हें सिद्ध होतें. तरीहि अलास्कांतील कोलंबिया हिमनदीसमोर ही शपथ मोडावी लागली. नदी इतकी मागें सरली कीं ती चौकटींत राहीना, आणि कॅमेऱ्याचें तोंड वळविणें भाग पडलें. ऑट यांच्या रोपानें वाढून जें करावयास लावलें, तें या नदीनें झिजून लावलें. कॅमेऱ्याच्या इतक्या हालचाली मीं आज सांगितल्या. पण एवढी गंभीर हालचाल दुसरी नाहीं.

आतां अशा चित्रणाला कोणी घरीं बसून गोड, संथ चाल दिली आणि पाहणाराला तें कळविलें नाहीं, तर तो खडक चौकटींतून सरकूं लागेल, आणि बर्फ हलला कीं खिडकी हलली हें सामान्य माणसाला सांगतां येणार नाहीं. लबाडीचा लवलेश नसतांहि साक्ष दुबळी होईल. म्हणून मला एक साधा रिवाज सुचवावासा वाटतो. चाल अवश्य द्यावी. ती डोळ्याला विसांवा देते आणि मोठ्या दृश्यांतून बोट धरून नेते. पण मूळचीं न हललेलीं चित्रें जपून ठेवावीं, आणि जेथें कांहीं सिद्ध करावयाचें आहे तेथें तीं आधीं दाखवावीं. आणि चाल डोळ्याची आहे कीं पायांची, कीं कोणाच्याच नव्हे, हें एका ओळींत सांगून टाकावें.

शेजाऱ्यानें तेंच केलें. परवां त्यानें आईला आधीं स्थिर चित्रण दाखविलें आणि मग चालतें. तिला दुसरें अधिक आवडलें, असें ती म्हणाली. पण ढग गडावर केव्हां टेंकले तें नीट पाहावयाला तिनें पहिलेंच पुन्हा लावावयास सांगितलें.